बंदूक कशासाठी? अमेरिकेतलं भांडण आणि आपल्याकडचा परवाना

हे आपल्या पॉडकास्टच्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलण्याच्या ओघातले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढलेत, बाकी मजकूर तोच. लोकलमध्ये नेटवर्क जात असेल तर हे वाचून काढा.

०:०० सुरुवात

आजचा विषय जरा स्फोटक आहे. अमेरिकेत कुठेतरी शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार होतो, आपल्या फोनवर बातमीचं नोटिफिकेशन येतं आणि ऑफिसच्या चहाच्या टेबलावर ठरलेली दोन वाक्यं येतात. एक म्हणतो, “वेडे आहेत हे लोक, बंदुका काढून का घेत नाहीत?” दुसरा म्हणतो, “अरे, आपल्याकडेही प्रत्येकाला द्यायला पाहिजे, मग बघ गुंड कसे सरळ होतात.” चहा संपतो आणि वादही संपतो.

मी काही वकील नाही. कोड लिहितो, बीटेक केलंय, आणि एखादी सिस्टिम अशी का चालते हे खोलून बघायची सवय लागलीय. म्हणून आज ‘बंदूक चांगली की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवू. त्याऐवजी दोन प्रश्न घेऊ. बंदूक नेमकी कशासाठी असते? आणि ते कारण कोणी, कोणाला पटवून द्यायचं? माझ्या मते सगळं भांडण या दुसऱ्या प्रश्नात आहे.

१:४० टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स कशाला?

आधी फोनमधलं उदाहरण. पूर्वी अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकताना सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागायच्या. टॉर्चचं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट्सही मागायचं आणि आपण ‘ओके’ दाबून मोकळे व्हायचो. पुढे पद्धत बदलली. आता अ‍ॅपने कॅमेरा मागितला की फोन थांबतो आणि तुम्हाला विचारतो. म्हणजे आधी सगळं उघडं, त्रास झाला तर बंद करा. आता सगळं बंद, कारण पटलं तर उघडा.

नेटवर्कवाले याला ‘डिफॉल्ट अलाऊ’ आणि ‘डिफॉल्ट डिनाय’ म्हणतात. बंदुकीच्या कायद्यांचेही ढोबळ मानाने हेच दोन प्रकार आहेत. अमेरिकेत सज्ञान नागरिकाला बंदूक घेता येते आणि ती का देऊ नये हे सरकारने सिद्ध करायचं. भारतात आणि ऑस्ट्रेलियात बंदूक घेता येत नाही आणि ती का द्यावी हे माणसाने सिद्ध करायचं. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

३:१० सत्तावीस शब्दांचं भांडण

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. मूळ इंग्रजीत फक्त २७ शब्द. त्यांचा आशय असा: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी शिस्तबद्ध नागरी सेना गरजेची असल्यामुळे, लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर गदा आणू नये.

आता बघा, या वाक्यात कारण आणि हक्क दोन्ही आहेत. पहिला भाग सांगतो कशासाठी: नागरी सेनेसाठी. दुसरा भाग सांगतो कोणाचा हक्क: लोकांचा. मग प्रश्न असा की कारण संपलं तर हक्कही संपतो का? आज गावोगावच्या शेतकऱ्यांची सेना नाही, पगारी लष्कर आहे. मग ‘लोकांचा हक्क’ उरला की गेला?

सव्वादोनशे वर्षं यावर सुप्रीम कोर्टाने नीट उत्तरच दिलं नव्हतं. ते दिलं २००८ साली, हेलर खटल्यात. वॉशिंग्टन शहरात १९७६ पासून घरात पिस्तुल ठेवायला जवळजवळ बंदी होती. डिक हेलर तिथे विशेष पोलीस अधिकारी म्हणून काम करायचे. ड्यूटीवर कमरेला पिस्तुल आणि घरी मात्र ठेवायला मनाई. ते कोर्टात गेले आणि पाच विरुद्ध चार अशा फरकाने जिंकले. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं की हा हक्क एकेका व्यक्तीचा आहे आणि त्याच्या गाभ्याशी स्वसंरक्षण आहे. त्याच निकालात त्यांनी हेही नोंदवलं की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांवरची बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींतली मनाई यांना धक्का लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये नेहमी यातला अर्धाच भाग येतो. कोणता अर्धा, ते पाठवणाऱ्यावर अवलंबून.

२०१० साली मॅकडोनाल्ड खटल्यात हाच नियम राज्यांना आणि शहरांनाही लागू झाला. मग आला २०२२ चा ब्रुएन खटला, आणि आपल्या विषयासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासूनचा एक कायदा होता. घराबाहेर पिस्तुल लपवून बाळगायचं असेल तर इतरांपेक्षा तुम्हाला त्याची वेगळी गरज काय आहे, ते अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. नुसतं ‘भीती वाटते’ चालायचं नाही. सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्टाने ही अट रद्द केली. घटनेने दिलेला हक्क वापरायला नागरिकाने खास कारण का सांगावं, असा त्यांचा मुद्दा. भाषण करायच्या आधी आपण ‘मला बोलायची गरज का आहे’ असा अर्ज करतो का? नाही ना, मग इथेही नको.

तरी दार सताड उघडं नाही. २०२४ च्या रहिमी खटल्यात त्याच कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की, जोडीदाराला धोका आहे म्हणून ज्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आहे, त्याची बंदूक काढून घेता येते. म्हणजे अमेरिकेतही सरकार ‘नाही’ म्हणू शकतं. फक्त सिद्ध करायचं ओझं सरकारच्या डोक्यावर आहे.

६:५० “सुरीनेही खून होतो”

आता चहाच्या टेबलावरचा लाडका मुद्दा. ‘बंदूक मारत नाही, माणूस मारतो. सुरीनेही खून होतो, मग सुरीवर बंदी घालणार का?’

याचं उत्तर वस्तूच्या कामात आहे. सुरी भाजी चिरायला बनवली आहे, जखम हा तिचा गैरवापर. गाडी पोचायला बनवली आहे, अपघात हे तिचं बिघडणं. बंदुकीचं तसं नाही. दुरून, पटकन, कमी ताकदीत जबर इजा करणं हेच तिचं काम. नेमबाजीचा खेळ किंवा शिकार हेसुद्धा याच कामाचे वेगवेगळे वापर आहेत.

पण थांबा, समोरच्या बाजूचं म्हणणंही नीट ऐका. ते म्हणतात, बरोबर, इजा करणं हेच तिचं काम आणि म्हणूनच ती हवी. पन्नास किलोच्या बाईवर नव्वद किलोचा माणूस चालून आला तर सुरी काय कामाची? ताकदीचा फरक मिटवणारं दुसरं साधन दाखवा. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

८:२० पोलीस येईपर्यंत काय?

याबाबतीतलं मला माहीत असलेलं सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण कोलोरॅडो राज्यातल्या कॅसल रॉक गावचं. साल १९९९. एका बाईने नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम मिळवला होता. तरी तो तिच्या तीन मुलींना घेऊन गेला. तिने संध्याकाळपासून पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन केले, शेवटी चौकीत गेली. ‘येईल, वाट बघा’ असंच उत्तर मिळत राहिलं. पहाटे तो माणूस पोलीस ठाण्यासमोर येऊन गोळीबार करताना मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते. तिने गावावर खटला भरला. २००५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, पोलिसांनी त्या हुकमाची अंमलबजावणी केलीच पाहिजे असा तुमचा घटनात्मक हक्क नाही.

बंदूक-हक्कवाले हे प्रकरण दाखवून विचारतात: सरकार वाचवायला बांधील नाही आणि तुम्ही मला स्वतःलाही वाचवू देत नाही, हा कुठला न्याय?

पण त्याच प्रकरणातला दुसरा तपशील. त्या माणसाने ज्या पिस्तुलाने गोळीबार केला, ते त्याने त्याच संध्याकाळी विकत घेतलं होतं. नियंत्रणवाले विचारतात: मनाई हुकूम असलेल्या माणसाला काही तासांत पिस्तुल मिळतंच कसं?

दोन्ही प्रश्न एकाच रात्रीतून आलेत आणि दोन्ही खरे आहेत. म्हणूनच ‘एक बाजू मूर्ख आहे’ असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

१०:३० आकडे भांडतात तेव्हा

मग दर वर्षी किती लोक बंदुकीने स्वतःला वाचवतात? इथे दोन आकडे फिरतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संशोधक गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ साली फोनवरच्या सर्वेक्षणातून अंदाज काढला: वर्षाला जवळपास २५ लाख वेळा. सरकारच्या गुन्हे-पीडित सर्वेक्षणातून निघणारा आकडा एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी.

इतका फरक का? ज्यांनी मॉडेल टेस्ट केलंय त्यांना हे लगेच कळेल. घटना दुर्मिळ असली की थोडीशी चूकही प्रचंड फुगते. समजा पाच हजार लोकांना विचारलं. त्यातल्या फक्त एक टक्का लोकांनी चुकीचं ‘हो’ म्हटलं. कोणाला तीन वर्षांपूर्वीची गोष्ट मागच्या वर्षीची वाटली, कोणी रस्त्यावरचं भांडण ‘स्वसंरक्षण’ म्हणून सांगितलं. झाले पन्नास जण. आता हा एक टक्का तेव्हाच्या जवळपास १९ कोटी प्रौढांना लावा. १९ लाख! एकही खरी घटना नसताना. क्लेक यांच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच होता. उलट सरकारी सर्वेक्षण आधी ‘तुमच्यावर गुन्हा झाला का’ असं विचारतं आणि ‘हो’ म्हणणाऱ्यालाच पुढचा प्रश्न जातो, त्यामुळे तिथे काही घटना सुटतात. खरा आकडा मध्ये कुठेतरी, आणि बहुतेक खालच्या टोकाकडे.

दुसऱ्या बाजूचा आकडा मात्र मृत्यूच्या दाखल्यांवरून येतो, त्यामुळे तो पक्का आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसं गेली. खून २१ हजारांच्या जवळपास. आणि आत्महत्या २६,३०० च्या वर. म्हणजे अर्ध्याहून जास्त मृत्यूंमध्ये चोर नाही, गुंड नाही, दहशतवादी नाही. बातम्यांत हे दिसतच नाही, कारण त्याचा व्हिडिओ व्हायरल होत नाही.

‘ज्याला मरायचंय तो दुसरा मार्ग शोधेल’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अभ्यास तसं सांगत नाहीत. ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. श्रीलंकेने नव्वदच्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वर्षांत खूप उतरलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणालाही हे वेगळं समजवायला नको. बंदुकीच्या बाबतीत दुसरी संधी फारशी मिळत नाही, एवढंच सांगतो. तुमच्या मनात किंवा ओळखीच्या कोणाच्या मनात असं काही चालू असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, कधीही फोन करा.

१४:०० डॅलसमधला प्रश्न

माझा मावसभाऊ डॅलसजवळ राहतो. मागच्या वर्षी त्यांच्या कॉलनीत रात्री गाड्या फोडण्याचे प्रकार झाले. दादाच्या मनात पिस्तुल घ्यायचं आलं. वहिनीचा साफ नकार. मला व्हिडिओ कॉल. “तू आकडे बघून सांग रे.”

आधी कायद्याचं सांगतो, कारण हे आपल्या बऱ्याच ऐकणाऱ्यांच्या कामाचं आहे. अमेरिकेत एच-वन-बी किंवा एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. आणि ‘बाळगणं’ यात नुसती हातात घेणंही येतं. म्हणजे वीकएंडला मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक चालवणं आणि त्याचा रील टाकणं, हे अपवादात बसत नसेल तर चक्क गुन्हा ठरू शकतो, व्हिसा धोक्यात. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. दादाला ग्रीन कार्ड मिळालंय, म्हणून त्याच्यासाठी प्रश्न खरा होता.

वहिनीने विचारलेला प्रश्न मला कुठल्याही पेपरात इतका नेमका सापडला नाही. ती म्हणाली, “कुलपात ठेवणार असाल, तर चोर आल्यावर किल्ली शोधणार का? आणि उशाशी ठेवणार असाल, तर घरात सात वर्षांचा पोरगा आहे.”

यावर बाजारात उत्तर आहे: बोटाच्या ठशाने दोन सेकंदांत उघडणारी तिजोरी. ते काही खोटं नाही, अनेक जबाबदार लोक तशीच ठेवतात. पण दादाच्या घराला धोका काय होता? अंगणातली गाडी फुटण्याचा. गाडीसाठी विमा असतो. आणि २०२० पासून अमेरिकेतल्या १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक झालं आहे. या वयोगटात रस्त्यावरचे अपघातही मागे पडले. मी दादाला एवढंच म्हणालो, “कशासाठी घेतोयस ते एका ओळीत लिहून काढ, मग त्या ओळीला दुसरं काही उत्तर आहे का बघ.” त्याने अंगणात कॅमेरा आणि दिवा लावला. पिस्तुल अजून तरी घेतलेलं नाही. शेतावर एकटी राहणारी, पोलीस पाऊण तासावर असलेली बाई असती, तर त्या ओळीचं उत्तर वेगळं आलं असतं हेही मला मान्य आहे.

१६:४० सरकारविरुद्ध बंदूक

तिसरं कारण सगळ्यात अमेरिकन: सरकार जुलमी झालं तर लोकांकडे शस्त्र हवं. आपल्याला हे सिनेमासारखं वाटतं, पण त्यांच्याकडे दाखले आहेत. १९४६ साली टेनेसीतल्या अथेन्स गावात महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी मतपेट्या पळवणाऱ्या भ्रष्ट शेरीफच्या टोळीला तुरुंगाच्या इमारतीत घेरलं, रात्रभर गोळीबार केला आणि मतमोजणी करायला भाग पाडलं.

आणि उलटे दाखलेही आहेत. दुसरी दुरुस्ती येऊन तीनच वर्षं झाली होती. १७९४ मध्ये दारूवरच्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियातले शेतकरी बंदुका घेऊन उठले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जवळपास १३ हजारांची नागरी सेना त्यांच्यावरच धाडली. म्हणजे ज्या ‘नागरी सेने’साठी हक्क लिहिला, तीच बंड मोडायला वापरली.

शिवाय ‘लोकांना शस्त्र’ यातले ‘लोक’ कोण, हेही बघायला हवं. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपीने नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. १९६७ साली ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक घेऊन फिरण्यावर बंदी आली. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रीगन, जे पुढे बंदूक-हक्कवाल्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले. नियंत्रणाचा कायदा नेहमीच निष्पाप नसतो. तो कोणावर चालवला जातो हे तपासावं लागतं.

१८:५० आता आपल्याकडे

हे वाक्य ऐकून तुम्हाला इंग्रज आठवायला हवेत. १८७८ चा शस्त्र कायदा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र नाही, युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांना मात्र सूट. गांधीजींनी आत्मकथेत या कायद्यावर फार कडक शब्दांत टीका केली आहे. ते वाक्य अमेरिकेतले बंदूक-हक्कवाले आजही आनंदाने फिरवतात. ‘बघा, गांधीसुद्धा आमच्या बाजूने!’ पण संदर्भ पुसलेला असतो. १९१८ साली खेड्यात पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करताना काढलेल्या पत्रकातला तो मुद्दा होता: हा कायदा जावा असं वाटत असेल तर शस्त्र शिकायची ही संधी घ्या. राग होता तो एका अख्ख्या देशाला अविश्वासाने नि:शस्त्र करण्यावर. घरोघरी पिस्तुल हवं असं त्यात काही नाही.

काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. मग घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद साधारण असा: स्वतंत्र देशात शस्त्र उचलणं हा हक्क म्हणून बघण्यापेक्षा, देशाने बोलावलं तर करायचं कर्तव्य आहे. आणि मूलभूत हक्क म्हणून लिहून ठेवलं तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क मागत येईल. दुरुस्ती पडली. उलट आज कलम १९ मध्ये जमण्याचं स्वातंत्र्य आहे ते ‘शांततेने आणि विनाशस्त्र’. त्यांच्या घटनेत शस्त्र हक्काच्या बाजूला उभं आहे, आपल्या घटनेत ते अटीच्या बाजूला.

पण विनाशस्त्र म्हणजे बंदी नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘कशासाठी’ हा प्रश्न सरळ लिहिलेला आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची साधी बंदूक, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवान्याची वाट तुलनेने सोपी. पिस्तुल वगैरे बाकी कशासाठी मात्र ‘सबळ कारण’ अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. कोकणात वानर आणि रानडुकरांचा उपद्रव ज्यांनी बघितलाय त्यांना ठासणीची बंदूक ओळखीची असेल. बऱ्याचदा नुसता बार काढून पळवायलाच वापरतात, कारण रानडुक्कर मारायला वनखात्याचे वेगळे नियम आहेत. कोडगूच्या कोडवा समाजाला तर इंग्रजांच्या काळापासून परवान्यातूनच सूट आहे. आणि निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, हे गावाकडे सगळ्यांना माहीत असतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली आणि लग्नावरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली.

कागदावर छान आहे ना? आता ‘डिफॉल्ट डिनाय’चा बग बघा. सगळी ताकद परवाना देणाऱ्याच्या सहीत एकवटते. कायदा म्हणतो की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. पण कमरेला पिस्तुल लावून फिरणारे आपण कोण बघतो? बिल्डर, पुढारी आणि त्यांच्या मागेपुढे करणारे. खरा धोका असलेली, गावातल्या दांडग्यांविरुद्ध साक्ष देणारी बाई त्यात दिसत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या दोन लाखांहून जास्त परवान्यांवर सीबीआयने संशय घेतला, तिथे काही अधिकाऱ्यांवरच पैसे घेऊन सह्या केल्याचा आरोप आहे. आणि ज्याला खरंच गुन्हा करायचा तो अर्ज कशाला करेल? त्याच्यासाठी गावठी कट्टा आहेच. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात सामान्य लोकांकडे सात कोटींच्या वर बंदुका आहेत आणि त्यातल्या बहुतेक परवान्याबाहेरच्या. तरी शंभर माणसांमागे साधारण पाच. अमेरिकेत हाच आकडा १२०. माणसांपेक्षा बंदुका जास्त!

ऑस्ट्रेलिया आणखी एक पाऊल पुढे गेला. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं. काही दिवसांतच देशभर एकच नियम ठरला, सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, आणि परवान्यासाठी ‘खरं कारण’ सक्तीचं झालं. शेती चालतं, नेमबाजीचा क्लब चालतो. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. तरी धोका शून्य झाला नाही. २०१८ मध्ये ऑस्मिंग्टनला एकाच घरातले सात जण परवान्याच्या बंदुकांनी गेले.

२२:१० वाद घालायचाच असेल तर

माझं मत विचाराल तर मी ‘कारण विचारा’ या बाजूचा आहे. ज्या वस्तूचं कामच इजा करणं आहे, तिच्यासाठी एक ओळ लिहायला लावणं हा अन्याय नाही. पण विचारणाऱ्यालाही उत्तरदायी ठेवा. नकार दिला तर कारण लेखी मिळालं पाहिजे, अपील वेळेत निकाली निघालं पाहिजे, कोणाला परवाने मिळतात याची यादी तपासली गेली पाहिजे. आणि ज्याला तुम्ही ‘बंदूक नको’ म्हणता, त्याच्या फोनवर पोलीस आले पाहिजेत. कॅसल रॉकच्या त्या आईला दोन्ही बाजूंचं देणं लागतं: नवऱ्याला पिस्तुल मिळायला नको होतं आणि पोलीस यायला हवे होते. यातलं एकच मागणारा माणूस अर्धाच प्रामाणिक आहे.

पुढच्या वेळी चहाच्या टेबलावर विषय निघाला, की तीन प्रश्न टाका. एक, तू कोणत्या कामासाठीच्या बंदुकीबद्दल बोलतोयस? शेत, खेळ, घर की सरकार? दोन, त्या कामाला दुसरं साधन आहे का? तीन, सिद्ध कोणी करायचं आणि चूक झाली तर जाब कोण देणार? बहुतेक भांडणं पहिल्याच प्रश्नाला थंड होतात, कारण कळतं की दोघं वेगवेगळ्या बंदुकीबद्दल बोलत होते.

तुमच्या घरी पीकसंरक्षणाची बंदूक असेल किंवा परवान्याच्या खेपा घातल्या असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव, गाव सांगायची गरज नाही, अनुभव सांगा. पुढच्या भागात निवडक ऐकवतो. तोपर्यंत हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा आणि रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवा. भेटू!